नऊ नंबरचं पोतेरं

नाक मुरडून झालं असेल तर पुढे वाचा. मी पोतेरं बोलतोय. होय, तेच. मोरीच्या कठड्यावर वाळत पडलेलं, पाहुणे आले की तुम्ही पायानं दाराआड ढकलता ते. तुमच्या घरातल्या प्रत्येक फरशीशी माझी तुमच्यापेक्षा जवळची ओळख आहे. मी तोंड उघडलं तर निम्म्या सोयरिकी मोडतील. तेव्हा जरा अदबीनं ऐका.

जन्मतः मी पोतेरं नव्हतो. मी धोतर होतो, आणि तेही लग्नाचं. तिसगावच्या आठवडी बाजारात छबूबाईंच्या वडिलांनी मला जावयासाठी घेतलं. दुकानदारानं माझा काठ अंगठ्यावर घासून दाखवला आणि रंग गेला तर धोतर परत घेईन असं छातीवर हात ठेवून सांगितलं. रंगनाथ मास्तर बोहल्यावर उभे राहिले ते मला नेसून. अंतरपाटापलीकडे छबूबाई उभ्या होत्या. मान वर करायची सोय नव्हती, त्यामुळे नवऱ्याच्या आधी त्यांना मी दिसलो. पुढे बारा वर्षांत त्यांचा आणि माझा जितका सहवास घडला तितका त्यांचा आणि मास्तरांचा घडला नाही. यात कुणाची निंदा नाही. मास्तर माणूस सज्जन. फक्त खाली वाकत नाहीत.

मास्तर भिंगारच्या एका शाळेत शिकवतात. नागरिकशास्त्र आणि आरोग्य हे त्यांचे विषय. रोज सकाळी शाळेच्या फळ्यावर स्वच्छतेचा एक सुविचार वळणदार अक्षरात लिहायचा, हे काम गेली सात वर्षं त्यांनी, रजेचा दिवस सोडला तर, एकदाही चुकवलेलं नाही. मग टेरिलीनच्या पँटी निघाल्या. मास्तरांनी दोन शिवून घेतल्या आणि मी पेटीत गेलो. पेटीत घडीवर कुजलो. एक दिवस छबूबाईंनी मला उजेडात धरलं, आरपार पाहिलं आणि मधोमध फाडलं. अर्धा भाग मुलीच्या गोधडीचं अस्तर झाला. उरलेला अर्धा मी. माझ्या एका कोपऱ्याला बन्सी परटाची खूण राहिली. एक आडवी रेघ आणि तिच्यावर चार टिंबं. बिब्ब्याची. तिच्याबद्दल पुढे बोलू.

आता घराचा पत्ता. भिंगारला लष्करी डेपोच्या नोकरांसाठी दहा क्वार्टरांची एक लाईन आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि परसू. खाली शहाबादी फरशी, वर कौलं. त्यातली नऊ नंबर आमची. दारावर पाटी मास्तरांच्या नावाची आहे. क्वार्टर मात्र छबूबाईंच्या नावावर आहे. त्या डेपोत तंबू शिवायच्या शेडमध्ये मशीनवर बसतात. सव्वा वर्षापूर्वी लढाई झाली तेव्हा त्यांनी दोन-दोन पाळ्या शिवण केली होती. पाटीवर त्यांचं नाव का नाही, असं एकदा एका पोस्टमननं विचारलं होतं. मास्तर म्हणाले, शोभत नाही. पोस्टमनलाही ते पटलं.

साडेसातचा भोंगा होण्याआधी छबूबाईंचा दिवस निम्मा संपलेला असतो. हे साल दुष्काळाचं. नळाला पहाटे अर्धा तास पाणी, तेही वातीएवढ्या धारेचं. दोन हंडे आणि एक बादली, एवढ्यात घर चालवायचं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, कपडे खळबळलेलं पाणी फरशीला, फरशी पुसलेलं परसातल्या पुदिन्याला. तांब्याच्या हंड्याला चिंचेचा चोथा, बाकी भांड्यांना चुलीची राख. आठवड्यातून एकदा काठीला फडकं बांधून कौलांखालची जळमटं. आधी वरचं झाडायचं, मग खालचं, कारण धूळ खाली पडते. हे शोध लावायला छबूबाईंना कुठल्या पुस्तकाची गरज पडली नाही.

फरशी पुसायची त्यांची एक रीत होती. मला घट्ट पिळायचं, इतकं की थेंब पडू नये. लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि पुसत पुसत मागं सरकत दाराशी यायचं. शेवटी मला सोड्याच्या कढत पाण्यात काढून उन्हात तारेवर टाकायचं. दोन्ही खोल्यांना मिळून दहा मिनिटं. तुमच्या घरात मला ओलं तसंच मोरीत फेकतात, मग दुसऱ्या दिवशी कालचा वास आजच्या फरशीला लावतात आणि म्हणतात, घरात कुबट का येतं गं? येणारच. पोतेऱ्याला आंघोळ घालणारी माणसं या जिल्ह्यात थोडी आहेत. आमची छबूबाई त्यातली एक.

या दहा मिनिटांत मास्तर खाटेवर पाय वर घेऊन बसत, म्हणजे मला खालून जाता यावं. हे त्यांचं घरकाम. पाय वर घेतल्या घेतल्या ते कपाटाखालचा कोपरा राहिला असं सांगत. हे त्यांचं मार्गदर्शन.

आता शेऱ्याची गोष्ट.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लाईनची तपासणी होते. क्वार्टरांचे सुपरवायझर आप्पासाहेब एक नंबरात राहतात. ते रजिस्टर काखेत मारून सकाळी नऊला आपल्याच घरापासून सुरुवात करतात आणि दहा नंबरला संपवतात. चौकटीवरून बोट फिरवायचं, न्हाणीत डोकवायचं, लिहायचं. घर अस्वच्छ असेल तर शेरा. वर्षात तीन शेरे पडले की क्वार्टर खाली. क्वार्टर मागणाऱ्यांची रांग डेपोच्या फाटकाबाहेर गेलेली आहे, त्यामुळे नियम कडक.

छबूबाईंच्या नावावर दोन शेरे पडले होते. दोन्ही शेऱ्यांत एकच वाक्य: मागील बाजूस अडगळ व घाण.

दोन्ही शनिवारी छबूबाई कामावर होत्या आणि मास्तर सकाळच्या शाळेत. किल्ली आठ नंबरच्या, छबूबाईंना बाजी म्हणजे ताई म्हणणाऱ्या खातूनकडे ठेवलेली. घर आरशासारखं पुसून गेलेल्या बाईला दुपारी परत आल्यावर कळलं की आपलं घर घाण होतं. परसात कुणाचा तरी मोडका पाट पडलेला. त्यांना वाटलं, पोरांनी टाकला असेल.

दुसऱ्या शेऱ्याच्या दिवशी मास्तरांनी विषय मिटवून टाकला. म्हणाले, तिसरा पडला तर पडला, तिसगावला आपलं घर आहेच. तू तिकडं रहा, मी इथं एखादी खोली बघतो. सकाळी तिसगावहून निघणारी एसटी साडेसातच्या भोंग्याला पोचत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तंबूच्या शेडमधली नोकरी म्हणजे भोंग्याची नोकरी हेही ठाऊक होतं.  छबूबाईंनी त्या दिवशी मला इतकं पिळलं की माझा काठ उसवला.

त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. मी दोन्ही वेळेस तारेवर लटकत सगळं पाहिलं होतं. पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

आमच्या लाईनीत एक व्यवस्था आहे. सरकारनं बसवलेली नाही, बायकांनी आपसात बसवलेली आहे, म्हणून ती चालते. आप्पासाहेब एक नंबरापासून निघतात. म्हणून पहिल्या आठ घरांतली सगळी अडगळ, फाटक्या गोधड्या, चिंध्यांची बोचकी, मोडक्या खुर्च्या, फुटके माठ, आठ वाजताच मागच्या दारांनी नऊ नंबरच्या परसात येऊन पडते. नऊ नंबर का? तर घरात कुणी नसतं आणि परसाच्या दाराला नुसती कडी. आप्पासाहेब एकेक घर ओलांडतात तशी त्या त्या घराची अडगळ मागच्या मागं परत घरी जाते. सगळी घरं स्वच्छ, सगळ्या सह्या झकास. फक्त कधी कधी घाईत एखादं बोचकं उचलायचं राहतं. अशी घाई दोनदा झाली होती.

आणि आप्पासाहेबांना हे ठाऊक नव्हतं का? त्यांची स्वतःची अडगळ मालनबाई, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांच्या आधी आणून टाकत असे. व्यवस्थेची सुरुवातच एक नंबरातून होते.

मार्चचा पहिला शनिवार आला. छबूबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. तिसरा शेरा पडायचाच असला तर आपल्या डोळ्यांदेखत पडू दे, म्हणाल्या. घरात कर्ता पुरुष दिसायला हवा म्हणून मास्तरांनीही किरकोळ रजा टाकली आणि इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर खुर्ची मांडली.

आठाला परसाची कडी वाजली. मालनबाई आत आल्या, काखेत बोचकं. मागं दोन, चार, सहा, सात नंबरच्या, डोक्यावर गोधड्या, हातात मोडकंतोडकं सामान. खातून सगळ्यात शेवटी. समोर छबूबाई उभ्या बघून सगळ्या जागच्या जागी थांबल्या.

छबूबाई म्हणाल्या, “ह्ये काय चाललंय?”

मालनबाईंनी बोचकं खाली ठेवलं. त्या बाईला लाज वाटली असं म्हणायला मला आवडलं असतं. “अगं घटकाभर ठेवतोय. दर वेळंस ठेवतोच की.”

“दर वेळंस?”

“तू नसतीस ना घरी. म्हणून काय जागा वाया घालवायची?”

छबूबाईंच्या हातात मी होतो.  दोन शेऱ्यांचा हिशेब तिथं उभ्या उभ्या जुळला. त्यांनी खातूनकडे पाहिलं. खातूननं पदर तोंडाला लावला.

“खातून, किल्ली तुझ्यापाशी हुती.”

“बाजी, माझंबी बोचकं हुतं त्यात,” खातून म्हणाली. “मी कुनाला काय सांगू?”

छबूबाई आता या सगळ्यांना बोचक्यांसकट बाहेर काढणार तेवढ्यात ओट्यावरून मास्तरांचा आवाज आला. आवाजात साहेबासमोरचं लोणी होतं. डेपोत नवे साहेब आले होते, कोल्हापूरकडचे, मोठ्या मिशांचे. तपासणी एक नंबरापासून होते असं ऐकून त्यांनी विचारलं होतं की दहापासून का नाही? आणि ते पावणेआठलाच दहापासून निघाले होते. दहा नंबर उरकून आता आमच्या ओट्यावर उभे होते. मागं आप्पासाहेब, काखेत रजिस्टर.

बायका पांगल्या. बोचकी राहिली.

साहेबांनी पुढची खोली पाहिली, मागची पाहिली. चौकटीवरून रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला. मग ते परसात आले आणि थांबले. समोर गोधड्यांचा ढीग, तीन माठांच्या खापऱ्या, दोन पाय असलेली खुर्ची, चिंध्यांची सहा बोचकी.

“हे काय?”

आप्पासाहेबांनी रजिस्टर उघडलं. शेऱ्याचं पान त्यांनी खुणेची काडी घालून आधीच काढून ठेवलं होतं. “साहेब, दोन शेरे आधीचे आहेत. बाई नोकरी करतात. घराकडं लक्ष राहत नाही.”

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर काय बोलतात याकडे माझंही लक्ष होतं. कितीही झालं तरी मी त्यांच्या लग्नातला. सकाळी त्याच परसातून ते तांब्या घेऊन गेले होते. तेव्हा परसू रिकामं होतं, मी तारेवरून स्वतः पाहिलं होतं. एक वाक्य पुरेसं होतं.

मास्तर म्हणाले, “मी हिला कितीदा सांगितलं, साहेब.”

आप्पासाहेबांनी पेनचं टोपण काढलं.

छबूबाई कुणाकडे न बघता बोलल्या. “साहेब, ह्यातलं माझं काय हाय तेवढं आधी बघा. मग लिवा.”

“तुमचं कसं ओळखायचं?”

“परटाला बोलवा.”

बन्सी परीट शनिवारी इस्त्रीचे कपडे द्यायला लाईनीत येतोच. सात नंबरापुढं त्याचं गाढव उभं होतं. तो आला, साहेबांना पाहून टोपी नीट केली. छबूबाईंनी बोचकं सोडून एक चादर त्याच्यापुढं टाकली. फाटलेली, पण कोपरा शाबूत.

“बन्सीदादा, खूण वाच.”

बन्सीनं चादर पाहिली, आप्पासाहेबांकडं पाहिलं, पुन्हा चादर पाहिली. लाईनीतली दहाही घरं त्याची गिऱ्हाइकं. त्याला अक्षर येत नाही. त्यानं स्वतःची लिपी बनवलेली आहे. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर तो बिब्ब्यानं घराचा नंबर टोचतो. चारपर्यंत टिंबं, पाचाला आडवी रेघ, पुढं रेघेवर टिंबं. धुवून जात नाही, घासून जात नाही, कपडा चिंधी झाला तरी कोपऱ्यावर राहते. आपली घाण दुसऱ्याच्या परसात टाकताना या सगळ्या हुशार बायकांना एवढंच सुचलं नव्हतं की चिंध्यांवर त्यांचा पत्ता आहे.

“दादा, तुला खूण येती का न्हाई, एवढंच सांग,” छबूबाई म्हणाल्या.

हे बन्सीला लागलं. “येती का? बावीस वर्सं झाली बाई. एक सदरा इकडचा तिकडं गेला न्हाई.” त्यानं चादर उचलली. “चार टिंबं. चार नंबर.” दुसरी. “रेघ, दोन टिंबं. सात.” मग त्याला थांबवणं कुणाला जमलं नाही. सहा, दोन, पुन्हा चार. परसाच्या भिंतीपलीकडे बायकांची डोकी गोळा झाली होती. प्रत्येक नंबराला एक डोकं खाली जात होतं.

त्यानं एक उशीची खोळ उचलली तशी खातून परसाच्या दारातून आत आली. “ती आठची. माझी हाय,” ती म्हणाली आणि बन्सीच्या हातातून खोळ घेऊन, आपलं बोचकं काखेत मारून, साहेबांसमोरून निघून गेली. जाताना छबूबाईंच्या खांद्याला तिचा खांदा लागला. मुद्दाम लागला. लाईनीतल्या दहा घरांत आपली घाण स्वतःहून उचलणारी ती एकटी निघाली.

सगळ्यात तळाला एक पट्ट्यापट्ट्यांची विजार होती. बन्सीनं कोपरा पाहिला आणि विजार घडी करून पुन्हा खाली ठेवायला लागला.

“किती?” साहेबांनी विचारलं.

“एक टिंब, साहेब.”

 साहेबांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं, मग विजारीकडं, मग पुन्हा आप्पासाहेबांकडं, शिंपी माप घेताना बघतो तसं. आप्पासाहेबांच्या हातातल्या पेनातून रजिस्टरवर शाईचा थेंब पडला. तीन शेऱ्यांच्या नियमात या प्रसंगासाठी रकाना नव्हता.

“आणि या सगळ्यात नऊ नंबरचं काय?”

बन्सीनं ढीग पुन्हा उपसला. काही निघेना. मग त्याची नजर छबूबाईंच्या हाताकडं गेली. त्यानं माझा कोपरा धरला, अंगठ्यानं चोळला. तिसगावच्या दुकानदारानंतर इतक्या आदरानं मला कुणी चोळलं नव्हतं.

“रेघ, चार टिंबं. नऊ,” बन्सी म्हणाला. “एवढंच हाय साहेब. मास्तरांचं धोतर हाय ह्ये, लग्नातलं.” आणि नाकाशी नेऊन म्हणाला, “धुतलेलं हाय.”

दोन्ही जुने शेरे आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शाईनं खोडले. साहेबांनी खाली सही केली. पुढच्या महिन्यापासून दिवस न सांगता येईन आणि मधल्या कुठल्याही घरापासून सुरू करीन, असं त्यांनी भिंतीपलीकडच्या डोक्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं सांगितलं. क्वार्टर वाचली. तंबूच्या शेडमधलं मशीन वाचलं.

इथं ही कहाणी संपायला हवी होती. पण जाता जाता साहेबांनी पुढच्या खोलीत पुन्हा नजर फिरवली, त्यांना ती आवडली आणि त्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली.

“शाबास मास्तर. घर छान ठेवलंय तुम्ही.”

बन्सी परीट दारात थांबला होता. छबूबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, हातात मी, कोपर ओलं, पदर खोचलेला. मास्तरांना एक वाक्य बोलायची दुसऱ्यांदा संधी आली होती.

“प्रयत्न असतो, साहेब,” मास्तर म्हणाले.

साहेब गेले. फरशीवर त्यांच्या बुटांचे आणि आप्पासाहेबांच्या चपलांचे ठसे उमटले होते, परसातल्या धुळीचे. छबूबाईंनी बादलीत उरलेलं पाणी पुढच्या खोलीत आणून ठेवलं. मला मास्तरांच्या हातात दिलं. शांतपणे दिलं, डबा द्यावा तसं.

“धरा. तुमचंच हाय. परटानं वळख पटवली.”

“म्हणजे? मी?”

“सायबानं शाबासकी कुनाला दिली?” त्यांनी पदर सोडला, पिशवी घेतली. “साडेअकराचा भोंगा व्हईल. मला निघाया पायजे.”

आणि त्या निघाल्या.

मास्तरांनी मला धरून आधी दाराबाहेर डोकावून घेतलं. मग, कुणी बघत नाही अशी खात्री करून, वाकले. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मला बादलीत बुडवलं आणि पिळलं, म्हणजे लिंबू पिळतात तसं दोन बोटांनी दाबलं. निम्मं पाणी माझ्यात, निम्मं फरशीवर. दुष्काळात अर्धी बादली अशी गेली. पण माणूस चिकाटीचा. त्यांनी दारापासून सुरुवात केली. पुसत पुसत आत गेले. एक फरशी, दुसरी फरशी, अगदी कपाटाखालचा कोपरासुद्धा. शेवटच्या कोपऱ्यात पोचून ते समाधानानं उभे राहिले आणि मागं वळले. दार समोर होतं, आणि मधली सगळी खोली ओली. पाय ठेवावा तर ठसा उमटणार.

आरोग्य विषयात हा धडा नसावा.

थोड्या वेळानं मुलगी शनिवारच्या सकाळच्या शाळेतून आली तेव्हा वडील कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते, एका हातात मी, दुसऱ्या हातानं इस्त्रीचा सदरा फरशीला लागू नये म्हणून वर धरलेला. ती म्हणाली, “बाबा, लांबच्या कोपऱ्यापासून दाराकडं यायचं असतं.” ते म्हणाले, ठाऊक आहे.

हल्ली रविवारी मास्तर मला हातात घेतात. लांबच्या कोपऱ्यापासून. दारं लावून घेतात, तेवढी अब्रू राखलेली आहे. पिळणं अजून जमलेलं नाही. मी आता वीतभर उरलोय, मधे जाळी झालीय, दोन महिन्यांत चुलीत जाईन. माझं मागणं फार नाही. मला धुवून वाळवा आणि घरातल्या सगळ्या हातांना मला पिळता येऊ द्या. दारावरची पाटी अजून मास्तरांचीच आहे. माझ्या कोपऱ्यावरची मात्र घराची आहे, बिब्ब्याची, आणि ती माझ्याबरोबरच जाईल.